खिडकीकडून दाराकडं

कोणी मेल्याची खबर आली की माणसं 'अरेरे' म्हणतात. आमचा माणिक विचारायचा, "कोणत्या टाटावर बसायचा?"

आधी मला वाटलं ह्याला ऐकायला कमी येतं. पण कान तिखट होते त्याचे. हिंगोलीच्या बाजारात तो हळदीची दलाली करायचा. हळकुंड कानाजवळ धरून मोडायचा आणि आवाजावरून माल सांगायचा. तेच कान घेऊन तो मयताच्या घरी जायचा. मेलेल्याचं पोरगं बिचारं डोकं भादरून बसलेलं, आणि हा फौजदारासारखा त्याच्यापुढं उकिडवा. "पुढच्या टाटावर का मधल्या? खिडकीकडून का दाराकडून?" बाप शाळेत कुठं बसायचा ते पोराला काय ठाव!

ही आमच्या मोठ्या शाळेची गोष्ट. हिंगोलीत छावणी होती तेव्हाची. वर्गात बाकं नव्हती. तीन टाटपट्ट्या अंथरलेल्या असायच्या, एकामागं एक, खिडकीपासून दारापर्यंत. बुटकी पोरं पुढं, उंच मागं. मी मागच्या टाटावर दीड वर्ष बसलो. मग बाप वारला, हातात करवत आली आणि माझी शाळा तिथंच संपली. त्यामुळं माझं लिहिणं हे असं आहे. पटलं तर वाचा.

आम्ही चाळिशी ओलांडली तेव्हा माणिकच्या ध्यानात एक गोष्ट आली. आमच्या वर्गातली माणसं मरत होती ती टाटाच्या रांगेनं मरत होती. पहिला गेला भीमा, पुढच्या टाटावर खिडकीखाली बसायचा तो. अशी शिट्टी मारायचा की मास्तरचं घोडं बुजायचं. प्लेगात गेला. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. पुढचं टाट संपलं आणि मधल्याला सुरुवात झाली.

"ह्यात काहीतरी हाय," माणिक म्हणायचा. हे त्याचं ठरलेलं बोलणं. दुधात, पावसात, सरकारी दवंडीत, सगळ्यात त्याला काहीतरी असायचं. गवळी दूध घालायला आला की हा म्हशीचं नाव विचारायचा. गवळी चिडला, "माझ्यावर शक घेता काय मालक?" तर म्हणे, "तुझ्यावर न्हाई. म्हशीवर हाय."

ह्या शकापायीच त्याचं लग्न राहिलं. मुलगी पाहायला गेला. पसंत पडली. उठताना मुलीच्या बापाला म्हणाला, "हिची बहीण बी बाहेर बोलवा. दोघींना सोबत पाहतो. मांडवात दुसरीच उभी करसाल." बापानं चपला दाखवल्या. अशी दोन-तीन ठिकाणं झाली, मग कोणी बोलावणंच बंद केलं.

तर रांग. रांग काही दर वेळी बराबर लागायची नाही. पण माणिक हार मानणारा नव्हता. मागच्या टाटावरचा जनार्दन मधूनच गेला, तर म्हणाला, "मास्तरनं एकदा त्याला दंगा केला म्हणून उठवून पुढं बसवला होता. मला पक्कं याद हाय." हैदराबादेत वकील झालेला शेषराव पाळी नसताना गेला, तेव्हा त्यानं मरणच कबूल केलं नाही.

मी म्हणालो, "अरे, त्याच्या सोयऱ्यानं सांगितलं."

"सोयऱ्यानं जळताना पाहिला काय?"

"न्हाई. त्याला बी खबरच आली."

"मग? हैदराबादेत काय एकच शेषराव हाय?"

आणि शेषरावची पाळी यायच्या वर्षापर्यंत तो माणिकच्या हिशेबात जिताच राहिला. बाजारात लोक हसायचे. मीही हसायचो. हसण्यात काय जातं? माझ्या घरी गिरजा होती, दोन वेळा गरम भाकर होती, मरणाचं टाट माझ्यापासून लांब होतं.

मग मागचं टाटही लागलं. उत्तम गेला आणि आम्ही तिघं उरलो: माणिक, मी आणि बांगडीवाला गफूर. मसणवाट्यातून येताना मी मस्करीत विचारलं, "माणिक, आता कोण रे?"

हा माणूस, ज्याला सगळं पाठ, खाली मान घालून चालत राहिला. "पाहू," एवढंच म्हणाला. मला तेव्हाच शक यायला पाहिजे होता.

त्याच हिवाळ्यात माझी गिरजा तापानं गेली.

मी रडलो नाही. लोकांना वाटलं म्हातारा दगड आहे. मी फक्त जेवणं सोडलं. ठरवून सोडलं नाही. सुनबाई ताट वाढायची, मी पाहत बसायचो, आणि भाकर वाळून जायची. कामाला हात लागत नव्हता. गाडीचं एक चाक अर्धं झालेलं अंगणात पडून होतं, कोंबड्या त्यावर बसायच्या.

एक दिवस भर दुपारी माणिक आला. कसं आहेस नाही, काही नाही. म्हणाला, "सख्या, रांग लागली. आता तुझी पाळी."

मी म्हणालो, "बरं झालं. लई वाट पाहून राहिलो."

तर तो माझ्यावर असा खवळला! "तुला बरं झालं. मला काय बरं झालं? तुझ्यामागं मी हाय! तू आज गेला की उद्या माझा नंबर. मला आणखी जगायचं हाय. हळदीचा भाव चढणार हाय यंदा."

"मग मी काय करू?"

"जेव," म्हणाला आणि धोतराच्या सोग्यातून फडकं काढलं. त्यात भाकर होती आणि अंबाडीची भाजी. भाकर एका बाजूनं करपलेली. "खानावळीतून आणली. ऊठ, हात धू."

मी त्याला नाही नाही त्या शिव्या दिल्या. शिव्या देत देत अर्धी भाकर खाल्ली.

तेव्हापासून त्यानं माझा जो पिच्छा घेतला तो सोडला नाही. रोज दुपारी फडकं घेऊन हजर. मी जेवलो तरी विश्वास नाही. "हात धुतला म्हणजे जेवला असं न्हाई. तोंड उघड." सुनेसमोर मला लेकरासारखं तोंड उघडावं लागायचं. पावसाळ्याआधी घराच्या धाब्यावर माती टाकायला शिडी लावली, तर ह्यानं शिडीच धरून ठेवली, चढू देईना. खोकलो तर सदरा वर करायचा, पाठीवर बोटानं ठोकायचा आणि हळकुंडाला लावायचा तो कान लावायचा. "भरीव हाय. चालंल."

सुनबाई मला हळूच म्हणाली, "मामंजी, ह्या काकाचा घरावर तर डोळा न्हाई ना?"

मलाही शक होता. घराचा नाही, पण माणसाचा होता. दिवसच शकाचे होते ते. रझाकारांची गडबड चालू होती. बाजारात चार माणसं बोलत उभी असली तर पाचवा रस्ता बदलायचा. हिंदू दिसला की मुसलमान गप, मुसलमान दिसला की हिंदू गप. साऱ्या गावाची नजर माणिकसारखी झाली होती. त्यात हा गडी माझ्यासाठी येत नव्हता, सोतासाठी येत होता. मी म्हणजे त्याच्या दाराला लावलेला अडसर! मी मोडलो की मरण आत शिरणार, म्हणून हा मला तेलपाणी करून राहिला. अशा माणसाची भाकर घशाखाली कशी उतरंल? पण उतरायची. त्याचा राग यायचा आणि रागानं भूक लागायची.

शेवटी मी ठरवलं, ह्याला घाबरवायचं. गफूरकडून वदवून घ्यायचं की रांगेत माणिकच माझ्या आधी होता. म्हणजे भिऊन घरी पडंल आणि माझी सुटका होईल.

गिरजा गेल्यावर मी गफूरच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. तिला बांगड्या तोच भरायचा, ती नवी सून होती तेव्हापासून. मला पाहून त्यानं हातातला बांगड्यांचा तोडा फडक्याखाली सरकवला. मला दिसू नये म्हणून. मी दुसरीकडं पाहिलं.

"गफूर, माझ्यासाठी एक खोटं बोल."

"कायकू?"

"माणिक आला की सांग, टाटावर तो माझ्या आधी बसायचा. खिडकीकडून आधी तो, मग मी, मग दारापाशी तू."

गफूरनं चष्म्यावरून पाहिलं. "ह्यात खोटं काय हाय?"

"म्हंजे?"

"अरे सख्या, तसंच बसायचो की आपण. माणिक, तू, मैं. तो डावखुरा. लिहिताना त्याचं कोपर कोणाच्या बरगडीत जायचं? तू रोज मास्तरला सांगायचा अन् रोज तूच मार खायचा. भूल गया?"

तो म्हणाला आणि उजव्या बरगडीला ते कोपर लागल्यासारखं झालं. पन्नास वर्षांच्या आत-बाहेरची गोष्ट, पण हाडाला याद होती.

"मग त्याला याद न्हाई काय?"

"हौ, बराबर याद हाय. उत्तम गेला त्या दिवशी इथं ह्या पायरीवरच बसला होता दिवस मावळेपर्यंत. 'गफूर, आता मी,' म्हणाला. मी चहा दिला, तर ह्यात काय टाकलं म्हणून सुदीक विचारलं न्हाई. तसाच पिला. तेव्हा मला त्याची भीती कळली."

मी पायरीवरच टेकलो. गफूरच बोलत राहिला.

"मग भाभी गेली. आठ-दहा दिवसांनी हा आला, म्हणाला, 'गफूर, रांग फिरवली. सख्या आधी, मी मागं. तू कुठं बोलू नको.' मी म्हटलं, अबे, मरणाच्या पुढं झूठ कायकू? तर म्हणाला, 'सख्या सोतासाठी जेवायचा न्हाई. माझा जीव त्याच्या जेवणावर हाय म्हटलं, तर शिव्या देईल पण जेवंल. कोणाचं वाईट करणारा न्हाई तो.'"

दुकानात एक बाई लेकीला घेऊन आली. गफूर तिच्याकडं वळला आणि मी उठलो. घरी कसा आलो ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणिक आला. फडकं सोडू लागला. मी त्याची बोटं पाहिली. टोकाला भाजलेली, दोन ठिकाणी फोड. खानावळवाल्याची बोटं भाजायची सोडून ह्याची कशी भाजली? एवढे दिवस मी त्याच्यावर शक घेत होतो, पण बोटं पाहिली नव्हती.

"सुनबाई, दोन ताटं वाढ," मी म्हणालो.

माणिक सावध झाला. "दुसरं कोणाला?"

"तुला."

"मला काहून? ह्यात काहीतरी हाय. तू गफूरकडं गेला होता काय?"

"मी कशाला जातोय? तू उपाशी मेला तर मला भाकर कोण आणंल? मलाबी माझं पाहावं लागतं."

त्यानं वरणाचा वास घेतला, सुनेला फोडणी कशाची ते विचारलं, आणि बसला. त्याची ती करपलेली भाकर मी खाल्ली आणि सुनेच्या हातच्या तीन त्यानं खाल्ल्या. चौथी वाढली तेव्हा नको म्हणाला नाही. तोंडातला घास न चावता थोडा वेळ तसाच बसला होता. मी विचारलं, "मीठ कमी हाय काय?" मान हलवली. सुनबाई आत निघून गेली.

मग तो रोजच जेवू लागला. रांगेचं मी बोललो नाही, तोही बोलला नाही. मनातल्या मनात मात्र मी त्याचे दिवस राखत होतो, तो माझे राखत होता.

यंदा दिवाळी झाली आणि माणिक गेला. झोपेतच. दुपार टळली तरी आला नाही, म्हणून मी गेलो, तर कुशीवर पडलेला, उशाला हात. त्याला ना पोर ना बाळ, आग मीच दिली. बाजारातले लोक आले होते. परत येताना एक दलाल मला म्हणाला, "सखारामबाप्पा, माणिकचा हिशेब शेवटी चुकला की! तुमचा नंबर आधी होता ना?"

"व्हय," मी म्हणालो. "चुकला."

गफूर बाजूनं चालत होता. त्यानंही तोंड उघडलं नाही.

हल्ली गावात हिंदूच्या ओसरीवर मुसलमान बसत नाही आणि मुसलमानाच्या पायरीवर हिंदू. कोण कोणाला काय म्हणंल, सगळ्यांना भेव. पण दुपारी गफूर दुकानाला फळ्या लावतो आणि माझ्याकडं येतो. काही आणत नाही, काही विचारत नाही. सुनबाई मला वाढते आणि तो समोर बसून राहतो, माझं ताट होईस्तोवर. मग टोपी घालतो आणि जातो.

मी सावकाश जेवतो.