ब्याण्णव महिन्यांची थकबाकी

इथिओपियातल्या अख्ख्या देब्रे बिर्हान गावात बासष्टाव्या वर्षी स्प्रेडशीट शिकलेला माणूस एकच, आणि तो मी! पाणीपुरवठा कचेरीतून निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी मला घड्याळ दिलं आणि आमच्या मोहल्ल्याच्या बचत-कर्ज संस्थेने खजिनदारपद. घड्याळ वर्षभरात बंद पडलं. पद चालू राहिलं.

या वार्षिक सभेआधी मी जाहीर करून टाकलं, "वही आता विसरा! हप्ता, व्याज, बचत, सगळं शीट सांगेल. मी फक्त बटण दाबणार."

"बटण दाबायला खजिनदार कशाला हवा?" आमची असेलेफेच म्हणाली. बायकोचं बोलणं मी मनावर घेत नाही. मनावर घ्यायचं तर दुसरं काही करायला वेळच उरणार नाही.

तीन दिवस बसून सगळी वही शीटमध्ये उतरवली. एकही आकडा बदलला नाही. यंत्रच थोडं हट्टी निघालं. दुसऱ्या महिन्याची तीस तारीख त्याला पचेना, तिथे मी एकोणतीस लिहून त्याचं समाधान केलं. आमचा तेरावा महिना तर त्याने साफ नाकारला. म्हटलं, जाऊ दे, पाच दिवसांचा तर महिना, ढकला त्याला बाराव्यात! परदेशी पाहुण्यासारखं आहे बिचारं, थोडं सांभाळून घ्यावं लागतं.

शनिवारी दुपारी शेजारची वैझेरो, म्हणजे श्रीमती, तिरुवर्क आली. हातात गरम पावाची अख्खी लादी. बाजाराच्या तोंडाशी तिचं इंजेराच्या भाकऱ्यांचं दुकान आहे. तिच्या पहिल्या कर्जाला जामीन मीच होतो.

"गाशे मकबिब," ती म्हणाली; मोठ्या माणसाला आमच्यात 'गाशे' म्हणतात. "गिरणीवाला सोमवारपर्यंत थांबतो म्हणाला. दहा हजार बिर्र विसार दिलाय मी. उद्या सभेत 'थकबाकी नाही' असा शेरा मिळाला तरच नवं कर्ज मिळणार. नाहीतर गिरणीही गेली आणि विसारही."

"बस गं! तुझा नवा हप्ताच सांगतो." मी ऐटीत सूत्र घातलं. एक लाख वीस हजार, महिना दीड टक्का, छत्तीस हप्ते. उत्तर आलं: चार हजार तीनशे अडतीस. लाल अक्षरात, आधी वजाचं चिन्ह.

"वजा का?"

"तुझ्या खिशातून जाणार म्हणून. यंत्राला ते कळतं."

"आणि लालही झालंय! माझं दुःख घरातल्या कुणाला कळत नाही, पण या यंत्राला कळलं," ती हसत म्हणाली आणि गेली.

मी पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि तिच्या जुन्या कर्जाची ओळ उघडली. शिल्लक चोवीस हजार असायला हवी होती.

चौऱ्याण्णव हजार चारशे चोवीस! शेजारी शेरा: हप्ता थकीत, ब्याण्णव महिने.

मी पाव बाजूला ठेवला. ब्याण्णव महिने! तिने कर्ज घेऊनच जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पण यंत्र खोटं कसं बोलेल? त्याला ना बहीण ना मेहुणा. म्हणजे खोटं बोलत असणार ती तिरुवर्क! वीस वर्षांची शेजारीण, गोड हसते, गरम पाव आणते... मी उरलेल्या पावाकडे संशयाने पाहिलं.

मग विजेसारखं डोक्यात चमकलं. जामीन कोण? मी!

घाम पुसत खालची ओळ पाहिली. तीही ब्याण्णव महिने. तिच्या खालची? ब्याण्णव. एकेचाळीस कर्जदार, एकूणएक सगळे ब्याण्णव महिने थकलेले. अडतिसाव्या ओळीवर माझं स्वतःचं नाव होतं. छपराच्या पत्र्यांसाठी घेतलेलं कर्ज, त्याचा हप्ता मी परवाच भरला होता आणि पावतीवर माझीच सही होती. की नव्हता भरला?

"अगं, मी हप्ता भरला ना?"

"भरलास. येताना भाव विचारत विचारत केळी आणलीस, ती कच्ची निघाली."

केळी आठवली. पण केळी शीटमध्ये नव्हती.

रात्रभर गाबी पांघरून मी थंडीने नव्हे, व्याजाने कुडकुडत होतो. सकाळी प्रार्थनेला गेलो, तर पुजाऱ्यांनी 'आमची ऋणं माफ कर' म्हटलं आणि माझा 'आमेन' इतका मोठ्याने निघाला की पुढच्या चार बायका वळून बघायला लागल्या.

सभा सुरू झाली. त्रेसष्ट माणसं, एका कोपऱ्यात कॉफी आणि भाजलेले जव. वही मी घरीच ठेवली होती. भिंतीवर शीट झळकलं आणि सभागृहात जे उठलं त्याला गोंगाट म्हणणं म्हणजे वणव्याला शेकोटी म्हणणं!

"ब्याण्णव महिने? माझं लग्न होऊन तेवढे झाले नाहीत!"

"पावती आहे माझ्याकडे, पावती!"

"पैसे खाल्ले यानेच! बघा, पत्रे नवे कुणाचे आहेत!"

तिरुवर्क मात्र नुसती माझ्याकडे बघत होती. ते सगळ्यात वाईट.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, "शांत व्हा! खजिनदारांचा हिशेब मला तर चोख दिसतोय." अध्यक्ष झेर्गाव! संस्थेतले सर्वांत मोठे ठेवीदार. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. मग त्यांची ओळ पाहिली. बचत चाळीस हजार होती, ती अडुसष्ट हजार तीनशे झाली होती!

बघता बघता सभा दुभंगली. डावीकडे कर्जदार, उजवीकडे ठेवीदार. ज्यांची कर्जही होती आणि ठेवही, ते मधोमध उभे राहून बोटांवर हिशेब करत कोणत्या बाजूला जावं याचा विचार करत होते.

"गाशे," तिरुवर्क शेवटी उठली, "हे यंत्र आजची तारीख काय समजतं?"

"ती तर ते स्वतःच ओळखतं!" एवढ्या संकटातही मला अभिमान आवरला नाही. मी आजच्या तारखेचं सूत्र घातलं. भिंतीवर उमटलं: १९ मे २०२४.

"आणि माझा शेवटचा हप्ता?"

"तीस मियाझ्या... आठवा महिना... दोन हजार सोळा."

"आज साल कुठलं?"

"सोळाच की. आज अकरा गिन्बोत, दोन हजार..."

आमचं पंचांग तर बाहेरच्या जगाच्या सात-आठ वर्षं मागे चालतं! आमच्या वहीत आमचं साल, आणि यंत्राच्या पोटात बाहेरच्या जगाचं! सरळ वजाबाकी करून त्याने आम्हा सगळ्यांना पावणेआठ वर्षं थकवलं होतं. ती तीस तारीख, तो तेरावा महिना... बिचारं तीन दिवस मला ओरडून सांगत होतं, आणि मी त्याला शिष्टाचार शिकवत होतो!

"झालं तर! तारखा बदला!" डावी बाजू ओरडली.

"एकदा सभेपुढे मांडलेला हिशेब असा बदलता येत नाही," झेर्गाव गंभीरपणे म्हणाले. "नियम आहेत. मतदान घ्या." आणि मधले बरेचसे ठेवींकडे सरकल्यामुळे उजवी बाजू दोन माणसांनी जास्त होती! मला सोमवारची गिरणी दिसू लागली. तिच्याखाली मी.

"ठीक आहे, अध्यक्ष," तिरुवर्क शांतपणे म्हणाली. "तुमची ठेव पावणेआठ वर्षं जुनी, मान्य. पण दर महिन्याला पाचशे बिर्र वर्गणी भरायची, हाही नियमच. या ब्याण्णव महिन्यांची तुमची एकही पावती नाही. सेहेचाळीस हजार होतात. वर विलंबाचे महिना वीस. तुम्हाला अठ्ठावीस हजार मिळणार, भरायचे जवळजवळ अठ्ठेचाळीस. आत्ताच भरता की सोमवारी?"

झेर्गावांनी कॉफीचा पेला तोंडाला लावला. रिकामा होता, तरी बराच वेळ पीत राहिले.

"यंत्र काय," ते अखेर म्हणाले, "माणसाने बनवलेलं असतं. तारखा बदला."

एकमताने! घरून वही मागवली. तिरुवर्कच्या ओळीपुढे 'थकबाकी नाही' असा शेरा मी हाताने लिहिला. अक्षरं इतकी मोठी काढली की तो शेरा दोन ओळींत बसला. कर्ज मंजूर झालं, आणि पुढच्या वर्षापासून हिशेब तिरुवर्कने तपासावा, असाही ठराव झाला. माझ्याकडे बटण ठेवलं.

शेवटचा विषय दंडाचा. सभेचा वेळ वाया घालवल्याबद्दल खजिनदाराने माणशी पाच बिर्र द्यावेत, मला स्वतःला वगळून. झेर्गावांनी बोटांवर मोजलं: तीनशे दहा.

मला काही ते पटेना. घरी येऊन शीट उघडलं, नीट सूत्र घातलं, दोनदा तपासलं. त्या रविवारी यंत्र आणि मी पहिल्यांदाच बरोबर निघालो. तीनशे दहाच होते.