तीनदा सावधान

“नाव वाचाचं आन दाबाचं, याच्यात शिकाचं काय?” असं गजेंद्रनं लेकीला ठणकावून सांगितलं, आणि तिथूनच सारं बिघडलं.

लेक म्हणजे वैजयंती. दहा दिवसांवर तिचं लग्न, मंगरूळपीरच्या हॉलात. गजेंद्रच्या वडिलांना घरातले काय नि गावातले काय, सारेच नानाजी म्हणतात. आजूबाजूच्या कितीक लग्नांत मंगलाष्टकं त्यांनीच म्हटलेली. वैजयंतीनं फ्रॉकात असतानाच बजावलं होतं, माझ्या लग्नात दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नाही. आणि नेमका आताच नानाजींचा घसा बसला. डॉक्टरनं गाणं साफ बंद केलं.

मग ठरलं की नानाजींनी घरीच, दम खात खात, दोन-दोन ओळी मोबाइलवर हळू म्हणायच्या आणि गजेंद्रनं त्या लेकीच्या लॅपटॉपात जोडायच्या. त्यात तिनं कॉलेजात असताना गाण्याचं सॉफ्टवेअर टाकून ठेवलं होतं. “मी मेलो का बे, रेकॉर्डिंग लावाले?” एवढंच नानाजी म्हणाले, पण नातीसाठी बसले. आठ दिवसांत सहा कडवी झाली.

गजेंद्र हा पहाटे वांगी तोडायला उठणारा माणूस. दुपारी बाजारातून आला की बसल्या जागी डुलक्या. तशातच तो लॅपटॉप उघडायचा. त्यात दोन याद्या होत्या. एक वाद्यांची, सनई दाबली की सनई वाजायची. दुसरी आवाजावर चढवायच्या तयार सेटिंगांची, म्हणजे प्रीसेटांची: हॉल, रूम, प्लेट, डिले.

“बाबा, प्रीसेट म्हंजे तयार मसाल्याचं पाकीट हाये,” वैजयंतीनं समजावलं. “मीठ-मिरची दुसऱ्याच्या अंदाजानं टाकलेली. आंधी आयकाचं, मंग आपल्या आवाजापरमानं कमी-जास्त कराचं.”

एवढं सांगून ती साड्यांच्या फॉलपिकोला गेली. गजेंद्रला ऐकत बसायला वेळ कुठला? त्यानं नावं वाचली. लग्न हॉलात, म्हणून हॉल लावला. प्लेट सोडून दिली, कारण जेवण पंगतीचं, पत्रावळीवर. मागून बायको, सुचिता, डोकावली आणि तिनं विचारलं, हे डिले काय हाये?

“उशीर,” गजेंद्र म्हणाला. “नवरदेव कधी वेळेवर येते का? हे लावलं की रेकॉर्डिंग त्याच्यासाठी थांबते.”

सुचितालाही पटलं. नवरदेव लांबच्या रिठदचा, म्हणजे तासभर उशीर धरूनच चाला, असं म्हणून त्यानं डिले पुरता चढवला. एकदा वाजवून पाहिलं, पण बाजूला पिठाची चक्की चालू होती आणि लॅपटॉपचा आवाज तो केवढा. काहीतरी वाजतंय एवढं कळलं. त्यानं ते पेनड्राइव्हात घेतलं आणि जांभई देऊन आडवा झाला. ऐकलं का, असं वैजयंतीनं संध्याकाळी विचारलं तेव्हा हो म्हणून मोकळा झाला.

लग्नाच्या दिवशी नवरदेव वेळेच्या आधी आला.

अंतरपाट धरला, पेनड्राइव्ह लावला. आधीच हॉल घुमणारा, त्यात गजेंद्रनं लावलेला हॉल आणखी घुमवणारा. नानाजींचे शब्द एकमेकांच्या अंगावर पडायला लागले. आणि डिले म्हणजे थांबणं नव्हे, तोच शब्द मागून पुन्हा-पुन्हा. कडवं संपलं. स्पीकर म्हणाला, सावधान. लोकांनी अक्षदा टाकल्या. स्पीकर पुन्हा म्हणाला, सावधान. लोकांनी पुन्हा टाकल्या. तिसऱ्यांदा सावधान, तिसऱ्यांदा अक्षदा. आपली माणसं अशा बाबतीत फार आज्ञाधारक. दुसऱ्या कडव्यापर्यंत साऱ्यांच्या मुठी रिकाम्या झाल्या.

बँडवाल्या बादलला सांगून ठेवलं होतं, कडवी सहा आहेत, सहावं सावधान झालं की वाजव. त्याचे दुसऱ्याच कडव्याला सहा मोजून झाले. त्यानं वाजवलं. बँड वाजला म्हणून धरणाऱ्यांनी अंतरपाट सोडला, नवरदेवानं हार उचलला, भटजी थांबा थांबा म्हणत आडवे झाले, आणि बाहेर वाढप्यांनी पत्रावळ्या मांडायला घेतल्या. इकडे रेकॉर्डिंग आपलं सावधान, सावधान करतच होतं!

गजेंद्रनं धावत जाऊन वायर उपटली.

वैजयंती हार हातात धरून बापाकडे पाहत होती. “बाबा, तुमी आयकलं होतं ना?” ती हळूच म्हणाली. गजेंद्र हातातली वायर गुंडाळत राहिला. पोरीनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही आपल्याच हातानं मातीत गेली, असं त्याला वाटलं. तो तिथंच खुर्चीवर बसला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून नानाजी उठले. भटजींना हातानंच खूण केली, अंतरपाट पुन्हा धरा. माईक घेतला नाही. शेवटचं कडवं त्यांनी उभ्यानं म्हटलं. आवाज फाटत होता, मधात दोनदा दम घेतला, पण शब्दन् शब्द मागच्या भिंतीपर्यंत पोचला. वैजयंती रडली, सुचिता रडली, गजेंद्रनं तर लाजही धरली नाही. सावधान एकदाच झालं. अक्षदा उरल्या नव्हत्या. बायांनी एकमेकींच्या पदरातले, केसांतले दाणे वेचून टाकले.

पंगतीत नवरदेवाचे काका गजेंद्रशेजारी बसले. लग्न लागताना ते पार मागं होते, समोरचं काही दिसत नव्हतं.

“इवाई, पहिली रेकॉर्डिंग बेकारच होती,” ते म्हणाले. “पन मंग जे लावलं ना तुमी, एकदम असल. मधात दम घेतलेला बी आयकू आला. कोनतं सेटिंग होतं ते?”

समोरच्या ओळीत नानाजी वाढप्याला बोटानं आणखी एक जिलबी मागत होते. तोंडातून हूं की चूं निघत नव्हतं.

“ते काय, तिथं बसलं हाये,” गजेंद्र थकून म्हणाला. “पन आता महिनाभर बंद.”