भिंत कोनाची?

लोक कोणाच्या घरी गेले की दार वाजवतात. हेडाऊ काकाजी भिंत वाजवतात. आत येतील, चपला काढतील आणि बसायच्या आधी बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करतील. कान देऊन ऐकतील. मग घरधन्याकडे वळून विचारतील, "भिंत कोनाची? आपली, का भाड्याची?" आपली म्हटलं की खूश. "ठोका मंग! बिनधास्त ठोका!" भाड्याची म्हटलं तर चेहरा असा करतील, की जणू घरात कोणी आजारी आहे.

माझ्या लग्नानंतर ते पहिल्यांदा घरी आले, तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, नगरपालिकेचा माणूस घर पाडायला आला. तिनं चहासुद्धा ठेवला नाही.

माझं बालाघाटात लोखंडी सामानाचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, कड्या, कुलपं. गिऱ्हाइकाशी दोन शब्द भांडल्याशिवाय मला जेवण जात नाही, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. पण हेडाऊ काकाजींशी भांडणार कसं? ते काही घेतच नव्हते. दर दिवाळीला यायचे, खिळ्यांच्या खोक्यात हात घालायचे, त्यातला एक चांगला सरळ खिळा निवडायचे, उजेडात धरून पाहायचे आणि अलगद परत ठेवायचे.

"काहून जी काकाजी? आवडला तर घेऊन जा ना."

"कुठं ठोकू गा सुरेश? भिंत सरकारची आहे."

काकाजी सिंचाई विभागात बाबू होते. नोकरीभर सरकारी क्वार्टर. बैहर, वारासिवनी, खैरलांजी, पुन्हा वारासिवनी. आजूबाजूच्या लोकांनी आपापल्या क्वार्टरच्या भिंतींची चाळणी करून टाकली होती. हेडाऊंच्या भिंतीत मात्र खिळा नाही, खुंटी नाही, काही नाही. सरकारची वस्तू जशी घेतली तशीच परत द्यायची, हा त्यांचा धर्म.

आता राजेहो, बिनखिळ्याचं घर चालवून दाखवा बरं! त्यांच्या घरी भिंतीवरचं घड्याळ खुर्चीवर बसायचं. पाहुणा त्या खुर्चीकडे गेला की काकाजी ओरडायचे, "तिथं नाही, ते घड्याळाची आहे!" पाहुणा सतरंजीवर, घड्याळ खुर्चीवर. मच्छरदाणीचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं दाराच्या कडीला, तिसरं घरात आणलेल्या सायकलला. चौथं काकाजींच्या पायाच्या अंगठ्याला. रात्री त्यांनी कूस बदलली की काकूंच्या अंगावर आभाळ कोसळायचं.

लग्नाचा फोटो पिठाच्या डब्यावर, भिंतीला टेकवून. सकाळ-संध्याकाळ डबा उघडायचा तर आधी फोटो उचलून खाली पालथा ठेवायचा. काकू अजून सांगतात, "लोकाईचे फोटो भितीवर असतेत. आमी दोघं दिवसातून दोनदा तोंडावर पडतो."

आणि ही गोष्ट तर मी स्वतः काकाजींच्या तोंडून ऐकली आहे. खैरलांजीच्या क्वार्टरात पाऊल ठेवलं तर भिंतीत आधीच्या माणसाचा एक खिळा! कोणीही म्हटलं असतं, वा, देव पावला. काकाजींनी ऑफिसात अर्ज दिला. 'सदर भिंतीत एक खिळा आढळून आला असून तो माझा नाही.' अर्जाला उत्तर आलं नाही. बदली होईपर्यंत तो खिळा तसाच रिकामा राहिला.

"काही तरी अडकवायचं होतं ना काकाजी!"

"दुसऱ्याच्या खिळ्याले?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच लाजलो.

रिटायर झाल्यावर ते बालाघाटात भाड्यानं राहायला आले. आता भिंत घरमालकाची. म्हणजे आणखी पंचाईत! सरकार निदान रोज दारात येऊन उभं राहत नव्हतं.

आणि मग एक दिवस काकाजी दुकानात आले, खोक्यात हात घातला नाही, खिळा उजेडात धरला नाही. छाती काढून म्हणाले, "एक किलो खिळे दे."

माझ्या हातून चहाचा कप सांडला.

"भिंत कोनाची?" मी विचारलं.

"आपली," काकाजी म्हणाले. त्या एका शब्दानं त्यांचा चेहरा असा फुलला, की मी भांडण तर सोडाच, खिळे कागदात बांधायचंसुद्धा विसरलो.

भानगड अशी होती, की त्यांनी बैहरकडे जंगलाच्या कडेला शेताचा एक तुकडा घेतला होता आणि तिथं स्वतःच्या हातानं घर बांधणार होते. मिस्त्री नाही, ठेकेदार नाही. मी समजावून पाहिलं. काकाजी, तुम्ही जन्मात फायली बांधल्या, घर कसलं बांधता? तर म्हणाले, "फायल बांधनं सोपं आहे काय? तू बांधून पाय."

मी महिन्याभरानं पाहायला गेलो. मातीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, तुडवून थरावर थर चढवणं चाललं होतं. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला गमछा. जंगलाच्या हद्दीपासून चांगली जागा सोडून बांधत होते. मी म्हटलं, सरईच्या, म्हणजे सालाच्या, झाडांना टेकून बांधा की, गार राहील. तर म्हणे, "झाडं सरकारचे आहेत. सावली पडते तेवढी पुरे." छपराच्या लाकडाची पावती खिशातच होती. जंगलखात्याचा गार्ड सायकलवरून सहज चालला होता, तर यांनी धावत जाऊन त्याला थांबवलं आणि पावती दाखवली. तो बिचारा घाबरून गेला.

भिंती मात्र भलत्याच जाड. बाजूच्या शेतातला सुखलाल येता-जाता म्हणायचा, "बाबूजी, घर बना रहे हो कि किला?" तिकडे काकाजींचं लक्षच नसायचं. थर वाळला की टकटक करायचे, कान लावायचे आणि पुढचा थर घालायचे. एकदा चारी भिंती कमरेपर्यंत आल्या आणि लक्षात आलं, की दाराची जागा सोडायची राहिली. दोन दिवस स्वतःच्याच घरात उडी मारून जात होते. छपरावर मातीचे कवेलू चढले तर वानरांनी त्यावर नाच केला, निम्मे फुटले. काकाजी शांत. "माहे कवेलू आहेत. फुटू दे!"

स्वतःच्या नुकसानीत असा आनंद मी दुसऱ्या कोणाला झालेला पाहिला नाही.

पण या सगळ्यात एक अडचण होती, आणि ती अडचण म्हणजे काकू. त्या यायलाच तयार नव्हत्या. पाया खणला तेव्हा नाही, छप्पर चढलं तेव्हा नाही. "मी चार क्वार्टरात वनवास भोगला," त्या म्हणायच्या, "पाचवा नाही भोगत. वाघ येते तिथं. आन माही सिरियल कोन पाहीन, वाघ?"

काकाजी दर रविवारी बसनं बालाघाटला येत, काकूंना विचारत, "येतं काय?" काकू म्हणत, "नाही." मग काकाजी माझ्या दुकानात येऊन आणखी खिळे घेत. मी समजून जायचो, आजही नाही म्हणाल्या. मोठे, बारीक, चपट्या डोक्याचे, सगळे प्रकार झाले. मला वाटायचं, दारा-खिडक्यांना लागत असतील.

पावसाळा संपला, घर उभं राहिलं. मी पुन्हा गेलो आणि आत पाऊल टाकून थक्क झालो. भिंती सारवून लख्ख, आणि एकही खिळा नाही! काकाजींचा सदरा दाराच्या कडीला. पिशवी खिडकीच्या गजाला. घड्याळ खुर्चीवर.

"काकाजी! आता तर भिंत आपली आहे ना?"

"हौ."

"मग?"

"मंजुरी बाकी आहे."

"कोनाची? इथं कोन साहेब बसला आहे?"

ते खुर्चीवरचं घड्याळ सरळ करायला लागले. कोपऱ्यात माझ्या दुकानातल्या खिळ्यांच्या पुड्या डब्यात भरून ठेवल्या होत्या, एकाही पुडीचा कागद सुटला नव्हता. खरं सांगतो, मला गलबलून आलं. परत बालाघाटला आलो तो तडक काकूंकडे गेलो आणि दुकानातल्या आवाजात म्हणालो, "काकू, एक दिवस चला. माझ्या गाडीत नेतो, संध्याकाळी माझ्याच गाडीत परत आणतो. नाही म्हणाल तर माझं दुकान तुमच्यासाठी बंद."

"मी काय घेतो तुह्या दुकानातून?" काकू म्हणाल्या. पण आल्या. आणि येताना मांडीवर लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "फोटो आहे. घरी चोर आले तर?" लग्नाच्या फोटोसाठी येणारा चोर बालाघाटात अजून जन्माला यायचा आहे. मी गप गाडी चालवली.

काकाजी अंगणात उभे होते, धुतलेला सदरा घालून. काकूंनी घर फिरून पाहिलं, चूल पाहिली, छपराकडे पाहिलं. "दार वाकडं आहे," म्हणाल्या. काकाजींनी हातोडी पुढे केली.

"ठोक."

"मी?"

"मंजुरी तुहीच बाकी होती."

काकूंनी हातोडी घेतली. काकाजींनी डब्यातला सगळ्यात सरळ खिळा निवडून दिला, समोरच्या भिंतीवर, डोळ्याच्या उंचीवर जागा दाखवली. काकूंनी दोन घाव घातले. खिळा आत गेला, आणि तिसऱ्या घावाला मातीच्या ढेकळासकट खाली पडला.

काकाजींनी दुसरा दिला. तोही पडला. मोठा दिला, त्यानं तर भिंतीत वाटीएवढा खड्डा पाडला. काकाजी खाली बसून ती माती गोळा करायला लागले. मी खिडकीतून बाहेर पाहायला लागलो. खिळे माझेच होते ना.

"काहून जी," काकू म्हणाल्या, "मातीच्या भितीत लोखंडाचा खिळा राह्यते काय? कोनाले इचारलं नाही?"

"मले काय मालूम?" काकाजी खालूनच म्हणाले. "जल्मात कधी ठोकला आहे काय मी?"

काकू हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. हसता हसता डोळे पुसत माझ्याकडे वळल्या. "तुले माईत आहे काय सुरेश, हे घर जंगलात काहून आहे? लग्न झालं तवा आमी बैहरले होतो. मी म्हनो, एक खिळा ठोका. हे म्हनेत, भित सरकारची आहे. एक दिवस चिडून म्हटलं, मंग जंगलात जाऊन बांधा घर, तिथं तरी ठोकू देसान! आता रागात मानूस काहीबी बोलते. या मानसानं आर्डर समजली."

"आर्डरच होती," काकाजी म्हणाले. "टाइम लागला."

काकूंनी पदर कमरेला खोचला. त्यांचं माहेर मातीच्या घराचं. "पानी आना. तनस आना. आन एक लाकडाची खुंटी करा, अशी, हातभर." काकाजी विळा घेऊन अंगणात धावले. काकूंनी माती मळली, खड्ड्यात खुंटी बसवली, भोवती ओल्या मातीचा गारा दाबला आणि तळहातानं सारखा केला. त्यांच्या बोटांचे वळ भिंतीवर उमटले. काकाजी पुसायला गेले, तर म्हणाल्या, "राहू द्या."

उन्हं कलायला लागली होती. मी म्हटलं, "काकू, निघायचं ना? तुमची सिरियल?"

"तू हो पुढं," काकू हात धुता धुता म्हणाल्या. "वाळाले तीन-चार दिवस लागतीन. कोनी तरी ध्यान ठेवा लागन. नाही तर हा मानूस घडीघडी टकटक करन आन पाडून टाकन."

त्यांनी घड्याळ उचलून जमिनीवर ठेवलं, फोटो खुर्चीवर ठेवला आणि चुलीकडे वळल्या. मी गाडी वळवताना दारातून आत पाहिलं. काकाजी त्या ओल्या भिंतीसमोर उभे होते. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.