तुम्ही स्वतः पाहिलंत?

आमच्या शेजारच्या वसंतरावांना "बरं चाललंय ना?" असं विचारायची सोय नाही. "बरं म्हणजे कशाच्या तुलनेत?" असा उलटा सवाल येतो. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासले, निवृत्तीनंतर आमची वाक्यं तपासतात.

"द्वारका चौकात, ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो हो!"

"घड्याळ लावलं होतंत?"

कुणी देवाचा दृष्टान्त सांगू लागलं, की शांतपणे विचारणार, "तुम्ही स्वतः पाहिलंत?" सांगणारा चहा अर्धा टाकून उठतो.

खोटं मात्र चुकूनही नाही. एका लग्नात मुलीच्या बापाने हात जोडून विचारलं, "जेवण कसं झालं?" हे म्हणाले, "मठ्ठा आंबलेला होता." पत्नी सुधाताई गेल्या, तेव्हा रामकुंड हाकेच्या अंतरावर असून त्यांनी एकही विधी केला नाही. "मला जे खरं वाटत नाही, ते तिच्या नावावर खपवणार नाही." नातेवाइकांनी त्यांना दगड ठरवून टाकलं.

हा माणूस गेल्या एकादशीला मला पंचवटीत, रामाच्या देवळात दिसला. अनवाणी. रांगेत! माझ्या हातातली प्रसादाची पुडी खाली पडली.

त्यांची बाही धरून तळमजल्यावरच्या गोदाकाकू उभ्या होत्या. काकूंची नजर जाऊन बरीच वर्षं झाली. वसंतराव पंचनामा करावा तशा आवाजात सांगत होते, "पोशाख पिवळा. जरीकाठ दोन बोटं. हार झेंडूचा, डावीकडे कललेला."

"आणि चेहरा रे, वसंता? हसतोय का?"

आता इथे, भर गाभाऱ्यासमोर, पाषाणाला स्नायू नसतात हे ऐकावं लागणार! वसंतरावांनी डोळे बारीक करून मूर्तीकडे बराच वेळ पाहिलं. मागून ढकलाढकली सुरू झाली.

"हो, काकू. हसतोय."

चपलांपाशी मी त्यांना गाठलंच. "वसंतराव, तुम्ही? देवळात?"

"काकूंना दिसत नाही. मला दिसतं. यात देव कुठे आला?"

"आणि तो हसतोय म्हणालात, ते? तुम्ही स्वतः पाहिलंत?"

ते वाकून काकूंच्या पायांत चपला सरकवत होते. काकू अजून देवळाकडे तोंड करून हात जोडून उभ्या होत्या.

"नाही," ते हळूच म्हणाले. "आधी सुधा आणायची त्यांना. तिलाही त्या हेच विचारत असणार. ती काय सांगायची, मला माहीत नाही. मी तिच्याबरोबर कधी आलोच नाही."