अंबाडीची खोली

जानेवारीचा दुसरा शुक्रवार, रक्कम साडेतीन दिनार. हजर तिघं: मी, माझी बायको नीता आणि वरच्या मजल्यावरचे दिगंबर सोनटक्के. सोनटक्के चहाला आले, पण बसले नाहीत. त्यांनी खिशातून पंज्याएवढं एक यंत्र काढलं, आमच्या देवांच्या फोटोखाली ठेवलं आणि दहा मिनिटं कुणाला बोलू दिलं नाही. मग म्हणाले, "अठ्ठावीस टक्के. वहिनी, ह्या घरात माणसं राहायलीत का पापड वाळायलेत?"

यंत्र हवेतला ओलावा आणि तापमान मोजणारं होतं. ते त्यांनी आमच्याकडेच ठेवलं आणि निघताना साडेतीन दिनार मागून घेतले. भेट आहे असं समजून मी आधीच आभार मानून बसलो होतो.

दिगंबरराव मूळचे नांदेडकडचे. इथे कुवेत शहरात, शर्क भागातल्या एका कंपनीत मोठमोठ्या इमारतींच्या एसीची आखणी करतात. कुणाचं काही बिघडलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "हवेला विचारा." आमच्या मुलीला गणितात कमी मार्क पडले, हवेला विचारा. नीताच्या पोळ्या कडक झाल्या, हवेला विचारा. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आरती चालू असताना त्यांनी टाळ खाली ठेवून एसीची जाळी उघडली होती आणि आतली धूळ प्रसादाच्या द्रोणात काढून सगळ्यांना दाखवली होती. तेव्हापासून त्यांना आरतीला मागच्या रांगेत उभं करतात.

त्यांच्या पत्नी सुलभावहिनी ऑक्टोबरपासून आजारी होत्या. कर्करोग. सहापैकी पहिली किमो झाली होती आणि तोंडाची चव गेली होती. एके दिवशी त्या म्हणाल्या, काहीतरी आंबट खावंसं वाटतंय. दिगंबररावांनी त्याच दिवशी गावी फोन लावला आणि अंबाडीचं बी मागवलं.

"अहो, इथल्या दुकानात गोंगुरा मिळते की," नीता म्हणाली.

"ती लाल, वहिनी. आंध्रावाल्यांची. आमच्याकडं तिला म्हैसबी नाक मुरडते. आपली अंबाडी हिरवी, पाच बोटांची."

ती पाच बोटंच पुढे आमच्या गळ्याशी आली.

महबूल्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक पत्र्याची खोली पडून होती. इमारतीच्या राखणदाराला, म्हणजे हारिसला, तोंडी विचारून दिगंबररावांनी ती ताब्यात घेतली. कुवेतची थंडी गावाकडच्यांना थट्टा वाटते. पण समुद्रावरून वारा सुटला की पहाटे त्या खोलीत सात-आठ अंश असतात, आणि अंबाडी हे उकाड्याचं पीक. दिगंबररावांनी फ्रिजच्या खोक्यांतलं थर्माकोल भिंतींना चिकटवलं, तेलाचा हीटर लावला. हीटरने हवा इतकी कोरडी पडली की कोवळ्या पानांच्या कडा करपल्या. म्हणून दोरीवर ओले टॉवेल टांगले. मग पहाटे गार पत्र्याला तो ओलावा धरला, थेंब थेंब रोपांवर पडला आणि पहिल्या पेरणीची रोपं मानेशी कुजून गेली. दुसऱ्या खेपेला पत्र्याखाली उतरतं प्लास्टिक आलं, म्हणजे थेंब भिंतीकडेने ओघळावेत. एक छोटा पंखा आला. सकाळी ऊन चढलं की झरोका उघडायचा, तिसऱ्या प्रहरी अस्रची अजान झाली की बंद करायचा.

"ऊब द्यावी तर हवा वाळते, पाणी द्यावं तर बुरशी धरते," ते मला म्हणाले. "दोन्ही एकदम सांभाळायचं म्हणजे संसारच हाय बघा. चोवीस अंश, पासष्ट टक्के. ह्याच्या खाली नाही, वर नाही."

फेब्रुवारीत रोपं गुडघ्याला लागली. एका शुक्रवारी सकाळी दिगंबररावांनी त्यांचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. फोटोत लांब, कातरलेली, पाच बोटांची पानं, वर रोपांसाठी लावलेला जांभळट दिवा, शेजारी आमच्याकडच्यासारखंच एक यंत्र. खाली मजकूर: "गच्चीवरचं सोनं. पुढच्या आठवड्यात तोड. ज्यांना माल हवा त्यांनी नावं द्यावीत."

आमच्या मुलीने माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि ओरडली, "पापा, दॅट्स वीड!" म्हणजे गांजा.

पाच मिनिटांत खजिनदारांनी ग्रुप सोडला. सांस्कृतिक समितीने सोडला. एकाने नुकतंच टाकलेलं "शुभ सकाळ" काढून टाकलं आणि मग सोडला. दुपारपर्यंत ग्रुपवर दिगंबरराव, मी आणि सुट्टीवर गावी गेलेले चार जण उरलो. खजिनदारांचा मला फोन आला.

"तुम्ही त्या सोनटक्क्यांना ओळखता?"

"ओळखतो. चहाला येतात."

"चहालाच ना?"

संध्याकाळी दिगंबरराव स्वतः आले. चेहरा उतरला होता. म्हणाले, "एकानंबी नाव दिलं नाही हो. एवढी कुणालाच आवडत नाही का अंबाडी?"

मी त्यांना खाली बसवून नीट सांगितलं. ते बराच वेळ हसले. हसताना मध्येच थांबले.

इमारतीतल्याच कुणीतरी घाबरून हारिसला सांगितलं होतं. शनिवारी सकाळी घरमालकाचा कारभारी अबू खालिद आला. दिगंबररावांना अरबी येतं, पण चिडले की फक्त मराठी येतं, म्हणून मला मध्ये घातलं. अबू खालिदने रोपांकडे दुरून पाहिलं, आत पाऊल टाकलं नाही. मोडक्या हिंदीत मला म्हणाला,

"सदीक, ये अस्र तक खाली. नहीं तो मैं शुर्ता बुलाता."

"भाजी आहे भाजी!" दिगंबरराव म्हणाले. "बोलवा पोलिसांना. तपासू द्या."

"तपासेगा," अबू खालिद मला म्हणाला. "लैब में भेजेगा, दस दिन. दस दिन ये आदमी अंदर. फिर बोलेगा, सॉरी, भाजी है."

चौथी किमो मंगळवारी होती. रुग्णालयात सहीला नवरा लागतो, आणि वहिनींचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, त्याच्या नोकरीवर. हे मी दिगंबररावांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "खरं असताना उपटायचं? आठ दिवस द्या म्हणावं. अजून पानं भरली नाहीत. तिला दोन घास खाऊ द्या."

त्यांना समजवा म्हणून सांगायला मी वहिनींकडे गेलो. त्या उशाला टेकून बसल्या होत्या, डोक्याला रुमाल. माझं सगळं ऐकून घेतलं.

"भाऊजी, मी साताऱ्याची. सत्तावीस वर्षं ह्यांच्यासाठी अंबाडी शिजवते. मला ती घशाखाली उतरत नाही."

"मग तुम्ही..."

"मी आंबट म्हणाले. पुढे लिंबाचं लोणचं म्हणणार होते. तोवर ह्यांनी नांदेडला फोन लावला." त्या हसल्या, मग खोकल्या. "रोपं जाऊ देत. पण खोली घालवू नका. इथे दर आठवड्याला माझा रिपोर्ट येतो आणि आकडा ह्यांचं ऐकत नाही. वर ऐकतो. खाली येतात तेव्हा डोळे लाल असतात. म्हणतात, वर हवा फार कोरडी आहे. आणि त्या खोलीत किती टक्के ओलावा आहे, ते मलाच रोज सांगतात."

मी वर गेलो. काय बोलावं ते जिन्यात ठरवत होतो, पण बोलायची वेळ आली नाही. दिगंबरराव एकेक रोप उपटून, मुळांची माती झटकून बादलीत उभं करत होते. मंगळवारचा हिशेब त्यांचा त्यांनीच केला होता.

आता प्रश्न असा, की हा ढीग टाकायचा कुठे? कचऱ्यात टाकला तर कुणीतरी पाहणार. जाळायचा तर धूर. अबू खालिद म्हणाला, इमारतीच्या बाहेर एक पानसुद्धा जायला नको. नीता जिन्यातून ओरडली, "अहो, मग शिजवा ना! भाजीच आहे ना ती?"

आमच्या स्वयंपाकघराच्या दारात अबू खालिद हात बांधून उभा राहिला. दिगंबररावांनी पानं खुडली, उकडून पिळून काढली, डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवली, वरून लसणाची फोडणी. एवढा मोठा ढीग एका पातेल्यात बसला. दिगंबररावांनी चमचाभर अबू खालिदपुढे धरला. त्याने देवाचं नाव घेऊन तोंडात घातला. त्याचा एक डोळा मिटला.

"हामिद!" तो म्हणाला. म्हणजे आंबट. मग मला म्हणाला, "इसको कौन खरीदेगा? खलास, मान लिया, खाना है."

वाटी घेऊन आम्ही सगळे वर गेलो. वहिनींनी पहिला घास घेतला, पाणी प्यायल्या, दुसरा घेतला. "छान झालीय," म्हणाल्या. दिगंबररावांनी खिडकीकडे तोंड केलं आणि एसीची जाळी तपासू लागले.

अबू खालिदला मी जिन्यात गाठलं. खोली मालकाची, त्यामुळे भाडं लागेल, म्हणाला. महिन्याला वीस, तीन महिन्यांचे आधी, आणि आत हिरवं काही उगवायचं नाही. मी कबूल झालो. दिगंबररावांना मी सांगितलं, की भाजी खाऊन तो खूश झाला आणि खोली अशीच वापरायला दिली. त्यांना ते लगेच पटलं. हल्ली ते खुर्ची घेऊन वर जातात. हीटर चालू असतो. आत काहीही पेरलेलं नाही, आणि वर जाऊन काय करता असं त्यांना कुणी विचारत नाही.

चौथी किमो झाली. पाचवी रक्तातल्या पेशी कमी म्हणून पुढे ढकलली आहे.

दिलेली रक्कम साठ दिनार. दिले सुलभावहिनींनी, उशीखालच्या पाकिटातून, नवऱ्याला न सांगण्याच्या अटीवर. माझ्या हाताने पोचले अबू खालिदला. पावती घेतलेली नाही.