अन्नपूर्णा पॉलिशला गेली

देवघरात अन्नपूर्णा नाही, हे सुनेत्राच्या मॉन्ट्रियलहून आल्या आल्याच लक्षात आलं. ऑफिसच्या कामासाठी ती आठवडाभर तिकडे होती आणि मिल्टन गावातल्या घरातली पूजा नवऱ्याकडे, म्हणजे नंदनकडे होती. बॅग जिन्याशीच ठेवून तिने हात जोडले, डोळे मिटले, उघडले आणि विचारलं, "नंदन, अन्नपूर्णा कुठाय?"

"असेल की तिथेच. बाळकृष्णाच्या मागे बघ."

बाळकृष्णाच्या मागे भिंत होती.

नंदन सॉफ्टवेअरमधला माणूस. चूक कुठल्या ओळीत झाली हे शोधण्याचाच त्याला पगार मिळत होता. त्याने पूजा मनातल्या मनात उलटी चालवून पाहिली. बुधवारी देव ताम्हनात घेतले तेव्हा कानात इअरफोन होता आणि मीटिंग चालू होती. ताम्हनातली फुलं निर्माल्याच्या बादलीत उपडी करताना 'टण्' असा आवाज आला होता. तेव्हा त्याला तो मीटिंगमधलाच वाटला होता, हे त्याने आता कबूल केलं.

"निर्माल्य कुठे टाकलंस?" सुनेत्राने विचारलं.

"बॅकयार्डात. ओल्या कचऱ्याच्या ग्रीन बिनमध्ये देवाची फुलं टाकवेनात."

"बॅकयार्डात कुठे?"

"सगळीकडे," नंदन म्हणाला.

लाँग वीकेंडला त्याने लॉन नव्याने करायला घेतलं होतं. सॉइलच्या बॅगा आणल्या, त्यात निर्माल्य कालवलं, कुंपणापासून कुंपणापर्यंत दंताळ्याने एकसारखं पसरलं आणि वर गवताचं बी टाकलं. एरवी हाती घेतलेलं काम अर्धवट सोडण्याबद्दल ख्याती असलेल्या नंदनने हे एकच काम जीव तोडून केलं होतं.

सुनेत्रा सोफ्यावर बसली. "आईने लग्नात दिलेली आहे रे ती. गौरीहराशी तिच्यासमोर बसून होते मी. आणि शनिवारी आई येतेय." तिचे डोळे भरून आले. नंदनला फार वाईट वाटलं. अमेरिकेतल्या जावयापेक्षा कॅनडातला जावई जास्त जबाबदार आहे, असं सासूबाई नागपूरभर सांगत असत. त्या शब्दाचंही आता काही खरं नव्हतं.

"चांदीची होती ना?" त्याने विचारलं.

सुनेत्राने डोळे पुसले. "आईने चांदीची म्हणूनच दिली."

"मग सापडेल. मेटल डिटेक्टर आणू."

नंदनने घर घेतानाही केला नसेल एवढा अभ्यास डिटेक्टर घेताना केला. पाण्याखाली चालणारा, सोन्याच्या खाणीत चालणारा, फोनला जोडता येणारा. समुद्रकिनाऱ्यावर चालणाऱ्या मॉडेलवर त्याचा फार जीव जडला, तेव्हा आपल्या बॅकयार्डात समुद्र नाही याची आठवण सुनेत्राला करून द्यावी लागली. शेवटी दोघं गाडी काढून किचनर शहरातल्या डिटेक्टरच्या दुकानात गेले. तिथला वॉरेन हा उंच, शांत माणूस. आमचे आजोबा-पणजोबा सगळे जर्मन, हे त्याने आपणहून सांगितलं.

"काय शोधायचंय?" त्याने विचारलं.

"देवी," नंदन म्हणाला. "अन्नाची. एवढीशी. चांदीची."

वॉरेनने भुवई न हलवता मधल्या किमतीचं एक मशीन काउंटरवर ठेवलं. जमिनीत धातू असला की मशीन वाजतं आणि पडद्यावर आकडा दाखवतं. खिळा असला तर आकडा खालचा, चांदी असली तर पंच्याऐंशीच्या वर. मधे बाकी सगळं जग. "नको ते आकडे बंदही करता येतात. पण पहिले काही दिवस वाजेल ते खणा," तो म्हणाला. यातलं 'बंद करता येतात' एवढंच नंदनने ऐकलं.

पहिल्या दिवशी मशीन नुसतं कोकलत होतं. आधी ते नंदनच्या बुटांवर वाजलं, कारण बुटांच्या टोकांत पोलाद होतं. बूट बदलले, तर खिशातल्या फोनवर वाजलं. फोन घरात ठेवला, तेव्हा कुठे ते जमिनीकडे वळलं, आणि जमीन गप्प बसेना. नवी वस्ती बांधताना बिल्डरने खिळे, पत्रे, पट्ट्या सगळं गवताखाली लोटून दिलं होतं.

"तू केर काढतोयस का?" सुनेत्राने घरामागच्या लाकडी डेकवरून विचारलं. "हळू फिरव. वॉरेनने काय सांगितलं होतं?"

"केरच काढतोय. पंच्याऐंशीच्या खालचं सगळं बंद केलं. आता फक्त चांदी वाजणार."

"अरे, वाजेल ते खण ना."

"जे आपलं नाही ते कशाला खणायचं? यालाच फिल्टर म्हणतात."

सुनेत्रा 'पण' एवढंच म्हणाली आणि आत गेली. नंदनने तिचा चांदीचा करंडा गवतावर ठेवून पाहिला. मशीन गोड आवाजात वाजलं आणि आकडा आला नव्वद. त्या आवाजावर त्याचा इतका विश्वास बसला की तो रोज ऑफिस संपलं की शिस्तीत पट्टे आखून लॉन पालथं घालू लागला. पण चांदीइतका आकडा तांबं आणि मोठे डबेही दाखवतात. सापडलं ते असं: तांब्याच्या पाइपचा तुकडा, बिअरचे डबे, आणि पुन्हा बिअरचे डबे. लॉनला जागोजागी खड्डे पडले. शनिवार उजाडला आणि सासूबाई आल्या.

त्यांनी चहाच्याही आधी देवघर गाठलं. "सुनी, अन्नपूर्णा कुठे गेली?"

"पॉलिशला दिलीय," सुनेत्रा एका दमात म्हणाली. "किचनरला एक जर्मन माणूस आहे. फार बारकाईनं काम करतो."

"जर्मन? त्याला चांदीतलं काय कळते?"

बायकोच्या मदतीला धावून जावं म्हणून नंदन म्हणाला, "अहो आई, त्याच्याकडे मशीन आहे. धातू समोर धरला की आकडाच येतो. त्याला कोणी फसवूच शकत नाही."

मग चहा आला, पण सासूबाईंचा बशीतला चहा बशीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनदा विचारलं की पॉलिश झालं का, आणि दोनदा म्हणाल्या की घाई नाही, पण तशीच आणली तरी चालेल. जेवणात लक्ष नव्हतं. तिकडे नंदन कानाला हेडफोन लावून बॅकयार्डात फिरत होता.

"जावई काय करून राहिले?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"गवत नीट उगवतंय का, ते बघतोय," सुनेत्रा म्हणाली.

"इकडे गवताचाही ईसीजी काढतात का?"

दुपारी सुनेत्रा ग्रोसरी आणायला गेली, तशा सासूबाई अंगावर शाल घेऊन बाहेर आल्या. नंदनने हेडफोन काढला.

"नंदनराव, एक काम करा. त्या जर्मनाकडून अन्नपूर्णा आजच घेऊन या."

"का हो आई?"

"ती जर्मन आहे."

"अन्नपूर्णा नाही हो, पॉलिशवाला जर्मन आहे."

"तो असू द्या नं. अन्नपूर्णाही जर्मन आहे."

नंदनच्या डोळ्यांसमोर त्याच्या आईचं दूध तापवायचं पातेलं आलं. "म्हणजे जर्मनच्या भांड्यासारखी? ॲल्युमिनियमची?"

"नाही हो बाप्पा. जर्मन सिल्व्हर. दिसते चांदी, पण चांदीचा कणही नाही त्यात." त्यांचा आवाज खाली आला. "त्या वर्षी यांचं दुकान बसलं होतं. लग्न तर ठरलेलं. मांडवात जाऊबाईंनी विचारलं, चांदीची का? मी हो म्हणून दिलं. तेव्हापासून तीच गोष्ट चालू आहे. आता तो मशीनवाला सुनीला सांगेल, तुझ्या आईनं फसवलं. लेकीनं असं ऐकावं का?"

दुसरा एखादा जावई गंभीर झाला असता. नंदनचा चेहरा उजळला. त्याने पंच्याऐंशीच्या खालचं जे सगळं बंद करून ठेवलं होतं, त्यातच देवी बसली होती.

"आई, पॉलिशवाला नाहीच," तो म्हणाला. "अन्नपूर्णा इथे आहे. या लॉनमध्ये. माझ्याच हातून निर्माल्यात गेली."

"इथे? मातीत?"

"हो. चूक झाली."

"आणि मशीनवर नाही गेली?"

"नाही."

"बरं झालं बाई," सासूबाई म्हणाल्या आणि डेकच्या पायरीवर टेकल्या. मुलीची अन्नपूर्णा चिखलात आहे हे ऐकून इतकं बरं वाटलेली बाई मिल्टनमध्ये दुसरी नसेल.

मग दोघं कामाला लागले. सासूबाईंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली. ती अन्नपूर्णा घेतली त्याच दुकानातली, त्याच धातूची होती. नंदनने ती मशीनखाली धरली. बावन्न. त्याने बंद केलेले सगळे आकडे उघडले आणि मशीनची खालची चकती जमिनीलगत, अगदी हळू फिरवू लागला. मशीन पुन्हा कोकलायला लागलं, पण या वेळी तो घाबरला नाही. बारीक तुटक आवाज आला की खिळा, हे त्याला आता कळत होतं. सासूबाई मागून चालत होत्या आणि खुरपं त्यांच्या हातात होतं. टोमॅटोच्या वाफ्याशी आवाज आला तो मोकळा, गोल, एकसंध. नंदनने उलट बाजूने फिरवून पाहिलं. तसाच. आकडा बावन्न.

सासूबाईंनी खुरपं घातलं आणि चार बोटं मातीखालून, हातात पळी घेतलेली, डोक्यावर झेंडूची पाकळी चिकटलेली अन्नपूर्णा बाहेर आली. नंदनने मशीन दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. आयुष्यात त्याने एकही कप जिंकला नव्हता, पण उचलतात कसा हे त्याला माहीत होतं.

"आई?" डेकवरून आवाज आला. सुनेत्रा पिशव्या घेऊन उभी होती. मग ती धावतच खाली आली, तिने मातीसकट अन्नपूर्णा छातीशी धरली आणि रडता रडता हसायला लागली. पॉलिशचं कोणी नाव काढलं नाही.

"जावयांनी शोधली हो," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. "चांदी होती म्हणून सापडली."

"शुद्ध चांदी," नंदन म्हणाला. "मशीन खोटं बोलत नाही."

सुनेत्राने गवतावर पडलेल्या मशीनच्या पडद्याकडे पाहिलं आणि त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. नळाखाली अन्नपूर्णा धूत ती हळूच म्हणाली, "पडद्यावर बावन्न होतं."

नंदनने ओट्याकडे पाहिलं.

"ती चांदी नाही. मला पहिल्याच दिवाळीत घासताना कळलं होतं."

"मग आठवडाभर मला चांदी का शोधायला लावलीस?"

"आईने चांदी सांगितली होती. तुझ्यासमोर तिचा शब्द मी कसा खोटा पाडणार?"

"मग आता का सांगतेयस?"

"बावन्न दिसत असताना तू तिच्यासमोर शुद्ध चांदी म्हणालास, म्हणून," सुनेत्रा म्हणाली, आणि ओल्या हातानेच तिने त्याच्या गालावरची माती पुसली. "पण आईला कळू देऊ नकोस हं, मला माहीत आहे ते."

नंदन बाहेर आला तर सासूबाई सोफ्यावर त्याचीच वाट बघत होत्या. त्यांनी त्याला खुणेने जवळ बोलावलं. "सुनीला काही शंका आली का?"

"अजिबात नाही."

"फार भोळी आहे हो माझी पोर."

"तुमच्यावर गेलीय," नंदन म्हणाला.