एकनाथरावांचा सदरा

पुढाऱ्यांच्या कपड्यांतलं मला जेवढं कळतं, तेवढं खुद्द पुढाऱ्यांना कळत नाही! हे मी एकावन्न सालीही म्हणत असे, आणि आमचे दाजी मुकुंदराव, म्हणजे माझ्या इंदुताईचे यजमान, ते खरं मानत. हैदराबादेतल्या पहिल्या निवडणुकीत त्यांना पक्षाचं तिकीट हवं होतं. हिमायतनगरात वकिली, माणूस सज्जन, आवाज खणखणीत. अडचण एकच. सगळी हयात शेरवानीत गेलेली. निजामाच्या कचेऱ्यांत तिच्यावाचून इज्जत नव्हती, आणि पोलीस ॲक्शननंतर तीच शेरवानी पेटीत डांबराच्या गोळ्यांखाली जाऊन बसली होती.

नवी खादी घेतो, असं दाजी म्हणाले. इथंच माणूस फसतो! मी त्यांना समजावलं, की नवी खादी दिसली की लोक ओळखतात, हा अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरनंतर, निजाम गेल्यावर उगवला. रेशमी घातलं तर जहागीरदार, मळकं घातलं तर ढोंगी. रंगीत घालाल, तर आपल्या गावात प्रत्येक रंगाला एक पार्टी आहे. पुढाऱ्यानं असं घालावं, की त्यावर कुणाला काही बोलताच येऊ नये. म्हणजे जुनी, धुवट, ठिगळाची पांढरी खादी. तुरुंगवास भोगलेली वाटली तर सोन्याहून पिवळं.

मग मी नवा सदरा चहाच्या पाण्यात उकळला. तो जुना झाला नाही, नुसता चहाचा झाला. इंदुताईनं त्याचं पोतेरं केलं.

तेव्हा मला आमच्या परटीणबाई आठवल्या. चतुराबाई निम्म्या शहराचे कपडे धूत. त्यांना अडचण सांगितली.

"जुनी खादी होना का? हाय ना. बुधवारपत्तर ठेवा. पर धुवायला मलाच टाकायची."

कुणाची, ते मी विचारलं नाही. त्यांनी दिलेल्या सदऱ्याच्या कोपराला चक्क हिरवं ठिगळ होतं. मला तर भरूनच आलं.

उमेदवार निवडायची बैठक कोठीच्या बाजारात, एका दुकानाच्या माडीवर होती. अध्यक्ष एकनाथराव. दोनदा तुरुंगात गेलेले, पंधरा वर्षं खादीवाचून धागा अंगाला न लावलेले. आम्ही आत शिरलो आणि बघतो तर काय, एकनाथराव काळ्या शेरवानीत!

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला पेटीतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास आला. ही परीक्षा आहे, डगमगू नका, असं मी त्यांच्या कानात सांगितलं. तोवर एकनाथरावांची नजर दाजींच्या कोपरावर खिळली होती. सदरा कुठला, असं त्यांनी विचारलं. मला राहवलं नाही. म्हणालो, "तुरुंगातला आहे."

"ते मला ठाऊक आहे. ठिगळ कुणी लावलं?"

"इंदुताईनं. म्हणजे यांच्या मंडळींनी."

"ते शांतानं लावलंय," एकनाथराव शांतपणे म्हणाले. "माझ्या मंडळींनी. स्वतःच्या चोळीच्या कापडाचं."

गेलं तिकीट! दाजींनी वर्षभर गावोगाव पायपीट केली होती, आणि मी ती एका ठिगळात घालवली. मला खरंच रडू येऊ लागलं.

दाजी मात्र सरळ उभे राहिले. "सदरा परटिणीकडून आणलाय. तुमचा आहे हे माहीत नव्हतं. मी तुरुंगात कधी गेलो नाही, एकनाथराव. शेरवानी घालून सत्याग्रह्यांचे खटले लढलो, तेवढंच."

एकनाथरावांनी चष्मा पुसला. "सकाळपासून सात जण आले. सातही जुन्या खादीत. सातही जणांनी शपथेवर सांगितलं, की हीच घालून तुरुंग भोगला. त्यातलं एक धोतर माझं होतं. चतुराबाई आठवडाभर माझे कपडे देत नाही, म्हणून शेजाऱ्यांची शेरवानी मागून आणलीय. खरं बोललात ते तुम्ही एकटे. तिकीट तुम्हाला. सदरा मला. पाच वाजता माझी सभा आहे."

दाजींनी सदरा काढून दिला आणि भर दुपारी, धोतर-बनियनवर, कोठीच्या गर्दीत उतरले. लोक थांबून बघू लागले. सदरा कुठं गेला, असं कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, एका गरजवंताला दिला. यात खोटं काय होतं? पण संध्याकाळपर्यंत ही बातमी पार शहराच्या टोकाला, तारनाक्याला पोचली, आणि दाजी एका दिवसात संत झाले.

मग काय! प्रत्येक सभेत भाषण संपलं, तरी लोक हलेनात. दाजी सदरा काढून कुणाला तरी देईपर्यंत टाळीच पडेना. इंदुताई दिवसभर शिवणयंत्रावर बसून सदरे शिवायची. दाजी मोठ्या आनंदात होते. काय घालावं हा प्रश्न संपला होता, आता फक्त काढायचं राहिलं होतं.

शेवटची सभा तारनाक्याला झाली. त्या दिवशी पुढं दोन म्हातारे आले, आणि दाजींच्या अंगावर सदरा एकच. त्यांनी तो पहिल्याला दिला, दुसऱ्याकडे पाहिलं, आणि मग वळून माझ्याकडे पाहिलं.

दाजी निवडून आले. मी मात्र त्या सभेच्या रात्री तारनाक्याहून हिमायतनगरपर्यंत बनियनवर चालत आलो. आणि माझा सदरा काही जुन्या खादीचा नव्हता हो. सासऱ्यांनी लग्नात दिलेला, चांगला रेशमी होता!